एका सूत्राचे वाचन : न मोजलेल्या नदीचा पूर

आमच्या गावाच्या वेशीवरच्या पऱ्यावर नवा पूल व्हायचा आहे. जुना साकव तीनदा दुरुस्त करून झाला, आता तो दुरुस्तीच्या पलीकडे गेला आहे. नव्या पुलाच्या अंदाजपत्रकाची प्रत ग्रामपंचायतीत पाहायला मिळाली. चाळीसेक पानांत सिमेंट, सळई, खडी, मजुरी, वाहतूक यांचा तपशीलवार हिशेब होता. ज्या पाण्यासाठी पूल बांधायचा, त्या पाण्याला मात्र पाऊण पान. त्यात तीन ओळी महत्त्वाच्या होत्या. पाणलोट क्षेत्र : १० चौरस किलोमीटर. महत्तम विसर्ग : सेकंदाला २७४.५४ घनमीटर. पद्धत : इंग्लिस सूत्र.

या पऱ्याचे पाणी आजवर कोणीही मोजलेले नाही. त्याच्यावर मोजपट्टी नाही, जलमापन केंद्र नाही, वरच्या डोंगरात पर्जन्यमापकही नाही. तरी आकडा दशांश चिन्हापुढे दोन घरे गेला आहे. हा लेख म्हणजे त्या पाऊण पानाची समीक्षा आहे. साहित्याच्या अंकात गणिताचे सूत्र कशाला, असे कोणाला वाटेल. पण सूत्र हेही कोणीतरी, कुठेतरी, काही पाहून लिहिलेले वाक्य असते. ते कोणी लिहिले, काय पाहून लिहिले, त्यात काय गृहीत धरले आणि पुढच्यांनी ते कसे वाचले, हे प्रश्न त्यालाही विचारता येतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी तर ते विचारायलाच हवेत.

मी अभियंता नाही. बारावी वाणिज्यनंतर एका कंत्राटदाराकडे मोजमाप-पुस्तके लिहायला लागलो आणि त्यातच तीस वर्षे गेली. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या जुन्या क्रमिक पुस्तकांवर जलविज्ञान शिकलो. त्यामुळे पुढचे लिखाण तज्ज्ञाचे नाही, एका चिकट वाचकाचे आहे असे समजावे.

सूत्र काय म्हणते

क्लॉड इंग्लिस हे मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्यातले अभियंते. खडकवासल्याच्या संशोधन केंद्राचे ते पुढे संचालक होते. १९३० च्या सुमारास त्यांनी आणि डिसूझा या सहकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या पाणलोटांमधून वाहून येणाऱ्या पाण्याचा आणि पुरांचा अभ्यास केला. त्यांच्या नावाचे पुराचे सूत्र आजही महाराष्ट्रातल्या पुलांच्या आणि लहान धरणांच्या कागदांत भेटते. ते असे : पाणलोटाचे क्षेत्रफळ चौरस किलोमीटरमध्ये घ्या, त्याला १२४ ने गुणा, मग क्षेत्रफळात १०.४ मिळवून त्या बेरजेच्या वर्गमुळाने भागा. उत्तर सेकंदाला किती घनमीटर पाणी येईल ते सांगते. १२४ आणि १०.४ हे आकडे विचित्र वाटतात, कारण ते रूपांतरित आहेत. मूळ सूत्र चौरस मैल आणि घनफूट यांत होते आणि त्यात ७००० आणि ४ असे गोल आकडे होते. म्हणजे ज्या अंदाजाच्या मूळ मांडणीतच गोल आकडे आहेत, त्याचे आपण आज दोन दशांश काढतो.

या सूत्रात नदीबद्दल एकच गोष्ट विचारलेली आहे : तुझे क्षेत्र किती? डोंगर किती तीव्र, जांभा की काळा कातळ, वर जंगल की उघडी सड्याची जमीन, पाऊस किती आणि किती वेळ, यांपैकी काहीही त्यात नाही. अभ्यासाची पुस्तके सांगतात की हे सूत्र पंख्याच्या आकाराच्या पाणलोटांसाठी आहे, म्हणजे जिथे चहूबाजूंचे ओहोळ साधारण एकाच वेळी एका ठिकाणी येऊन पडतात अशा. ही अट सूत्राच्या बाहेर, शब्दांत आहे. कागद पुढे सरकतो तसे आकडे टिकतात, शब्द गळतात. आमच्या पाऊण पानात ती अट नव्हती.

तरी पाऊस या सूत्रात नाही असे म्हणणे बरोबर नाही. तो लपलेला आहे आणि थोड्या हिशेबाने बाहेर काढता येतो. एका चौरस किलोमीटरवर तासाला एक मिलिमीटर पाणी वाहून निघाले, तर सेकंदाला ०.२७८ घनमीटर होते. हे माप उलटे लावून पाहू. १० चौरस किलोमीटरसाठी सूत्र सुमारे २७५ घनमीटर देते. त्याचा अर्थ, संपूर्ण पाणलोटावरून तासाला सुमारे ९९ मिलिमीटर वेगाने पाणी निघते आहे. १०० चौरस किलोमीटरसाठी उत्तर सुमारे ११८० येते, म्हणजे तासाला ४२ मिलिमीटर. १००० चौरस किलोमीटरसाठी सुमारे ३९००, म्हणजे तासाला १४. क्षेत्र वाढले की जोर कमी होतो, हे रास्तच आहे. एवढ्या मोठ्या मुलखावर एकाच वेळी सारखा कोसळत नाही आणि लांबचे पाणी उशिरा येते. म्हणजे सूत्र आंधळे नाही. घाटातल्या पावसाचा आणि पाण्याच्या प्रवासाचा अनुभव त्यात मुरलेला आहे. फक्त तो कोणत्या काळाचा अनुभव, हे सूत्र स्वतःहून सांगत नाही.

जमेची बाजू

समीक्षेत जमेची बाजू आधी मांडावी. इंग्लिसच्या सूत्राला नावे ठेवणे सोपे आहे, त्याच्या आधीचे सूत्र पाहिले की त्याचे मोल कळते. बंगालमधल्या डिकन्स या अभियंत्याने १८६५ मध्ये मांडलेल्या सूत्रात क्षेत्रफळाच्या पाऊण घाताला एका गुणांकाने गुणायचे असते. तो गुणांक पुस्तकांत मुलखागणिक बदलतो. उत्तरेच्या मैदानात ६, मध्य भारतात १४ ते २८. शंभर चौरस किलोमीटरच्या एकाच नदीला मध्य भारताच्या खालच्या टोकाने ४४३ घनमीटर मिळतात, वरच्या टोकाने ८८५. कोणता गुणांक घ्यायचा हे हिशेब करणाऱ्याच्या हाती. त्या मोकळीकीचा उपयोग पुलाचे गाळे वाढवायला होतो तसा कमी करायलाही होतो. इंग्लिसने ही पळवाट बंद केली. ज्या पाणलोटांचा अभ्यास केला, त्या मुलखासाठीच सूत्र दिले आणि मधे सोयीचे अक्षर ठेवले नाही. कमी साधनांच्या काळात, न मोजलेल्या शेकडो पऱ्यांवर मोऱ्या आणि पूल बांधायचे असताना, मिनिटभरात उत्तर देणारे आणि मनमानीला जागा न देणारे सूत्र हे मोठे काम होते.

तक्रार सूत्राच्या पुढच्या वाचनाबद्दल आहे. १९३० पर्यंतच्या नोंदींवर आधारलेले ते विधान होते : आजवर हाती आलेल्या आकड्यांवरून पूर साधारण एवढा धरावा. कागदोपत्री त्याचे रूप बदलून झाले : यापेक्षा मोठा पूर येणार नाही. ‘महत्तम’ हा शब्द हे रूपांतर गुपचूप करतो. पाहिलेल्यातला सर्वांत मोठा आणि शक्य असलेल्यातला सर्वांत मोठा, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नोंदी तीस-चाळीस वर्षांच्या असतील तर फारच वेगळ्या.

पाऊस कुठे मोजला

२६ जुलै २००५ हा दिवस या फरकाची परीक्षा घेणारा ठरला. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७४. दोन्ही ठिकाणे एकाच शहरातली. सांताक्रूझचा मापक नसता आणि कुलाब्याचाच आकडा हाती असता, तर मिठी नदीचा पूर कागदावर घडलाच नसता. सह्याद्रीच्या बहुतेक खोऱ्यांची स्थिती हीच आहे. मापक खाली तालुक्याच्या गावी किंवा महसूल मंडळाच्या कार्यालयापाशी असतो आणि पाऊस पडतो वर, कड्याला भिडलेल्या ढगातून.

त्या दिवशी सांताक्रूझला एका तासात सुमारे १९० मिलिमीटर पाऊस झाला. इंग्लिसच्या सूत्रात १० चौरस किलोमीटरसाठी लपलेला आकडा तासाला ९९ होता, हे आठवावे. एका मापकावरचा पाऊस दहा चौरस किलोमीटरवर सारखाच पडतो असे नाही, काही पाणी जमीनही धरून ठेवते. पण जुलैच्या शेवटी, महिनाभर भिजलेल्या डोंगरात ती कितीसे धरणार? एवढी सूट देऊनही दोन आकड्यांतले अंतर सहज मिटत नाही.

दुसरी अडचण वेळेची आहे. बहुतेक नोंदी चोवीस तासांच्या, सकाळी साडेआठ ते साडेआठ. आमच्या पऱ्याची लांबी सुमारे पाच किलोमीटर आणि उतार सहाशे मीटरचा. वरच्या टोकाचे पाणी पुलापाशी यायला किती वेळ लागतो, याचे किर्पिचचे प्रसिद्ध सूत्र लावले तर उत्तर येते साधारण अर्धा तास. अर्ध्या तासात उत्तर देणाऱ्या नदीला आपण दिवसाचा पाऊस विचारतो. १२० मिलिमीटर दिवसभर रिमझिम पडला काय आणि तासाभरात कोसळला काय, वहीत नोंद एकच. सरकारी भाषेत मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी. कोकणात जुलैमध्ये तो रोजचा पाऊस आहे. हा शब्द नुकसानभरपाईसाठी ठीक असेल, पुराच्या हिशेबात त्याचा उपयोग नाही.

किर्पिचचे सूत्रही जाता जाता वाचून पाहावे. १९४० मध्ये ते मांडले गेले, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या सात शेती-पाणलोटांवरून. त्यातला सर्वांत मोठा ११२ एकरांचा, म्हणजे अर्ध्या चौरस किलोमीटरहूनही लहान. ते सूत्र आज घाटातल्या नद्यांना लावले जाते आणि वर मीच लावले. दुसरे हाताशी नसते म्हणून लावतो. पण लावताना ते कुठून आले हे सांगायला हवे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

गृहीतके पुरली जातात आणि पुढे कोणी ती उकरत नाही, याचे ठळक उदाहरण मुंबईचेच आहे. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि त्यातले निम्मेच पाणी वाहून येईल, या हिशेबावर उभी होती. ज्या काळात उरलेले निम्मे पाणी मुरायला माती होती, त्या काळचा तो हिशेब. माती गेली, गुणांक राहिला. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने तासाला ५० मिलिमीटर आणि सगळे पाणी वाहून येईल, असे धरायला सुचवले. ते अमलात येण्यापूर्वीच २००५ उजाडले.

नवी साधने, जुना प्रश्न

आता उपग्रहांचे नकाशे आहेत, संगणकावर डोंगराचा उतार हातभर अंतरानेही काढता येतो. जलवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००३ ते २०१२ हे दशकच न मोजलेल्या खोऱ्यांतल्या प्रवाहाच्या अंदाजाला वाहिले होते. त्या कामातले एक अग्रणी मुरुगेसू शिवपालन हे मूळचे श्रीलंकेचे. त्या दशकाची मला कळलेली शिकवण साधी आहे : एका नदीवर जुळवलेले प्रारूप दुसरीवर जसेच्या तसे नेऊ नका. आधी दोन नद्या कोणत्या बाबतीत सारख्या आहेत ते पाहा.

कीथ बेव्हन या इंग्रज जलवैज्ञानिकाने त्याहून अवघड गोष्ट दाखवली. एकाच नदीचे एकच प्रारूप घेऊन त्यातले गुणांक निरनिराळे ठेवले, तरी अनेक संच मोजलेल्या प्रवाहाशी सारखेच चांगले जुळतात. जुळले म्हणजे खरे कारण सापडले, असे होत नाही. नदीवर मोजमाप असतानाची ही गत. मोजमापच नसेल तर कोणता संच बरोबर हे ठरवणार कसे? संगणकाने उत्तर सुबक होते, रंगीत नकाशा येतो, पण वरच्या डोंगरात त्या तासाला किती पडला हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

माझी चूक

दुसऱ्यांच्या आकड्यांवर एवढे लिहिले, आता माझ्या आकड्याबद्दल. २०१८ च्या मे महिन्यात मी गावच्या पऱ्याचा पूर स्वतः काढायला घेतला. पद्धत जुनी आणि मान्य आहे. पाणी कुठवर चढले त्या खुणा शोधायच्या, पात्राचा छेद मोजायचा, उतार काढायचा आणि मॅनिंगच्या सूत्राने विसर्ग ठरवायचा. खुणांसाठी मी वाडीवरच्या तात्यांकडे गेलो.

“तात्या, २००५ ला पाणी नक्की कुठवर आलं होतं?”

“पाराच्या दुसऱ्या पायरीला. मी तिथं उभं राहून पाय धुतले ना!”

अशी साक्ष मिळाली की दुसरे काय हवे! पात्र चाळीस मीटर रुंद, खोली चार मीटर, उतार शंभराला एक. दगडगोट्यांच्या पात्राचा खडबडीतपणा ०.०५ धरला. उत्तर आले सुमारे ७१३ घनमीटर. इंग्लिसच्या अडीच पट. मला आनंदच झाला. त्या आनंदात मी पुढचे गणित नीट वाचले नाही. खडबडीतपणा ०.०४ धरला असता तर ८९२ आले असते, ०.०६ धरला असता तर ५९५. खोलीत एक मीटरची चूक असेल, म्हणजे चारऐवजी पाच, तर १००८. ०.०४ की ०.०६ हे मी पात्रात उभा राहून डोळ्यांनी ठरवले होते. शिवाय छेद मे महिन्यातला. पुरात नदी तळ खरवडून नेते आणि पूर ओसरताना पुन्हा गाळ भरते, त्यामुळे पुराच्या वेळी तळ कुठे होता हे कोणालाच ठाऊक नसते. आणि तात्यांनी पाय धुतले ते पाणी वाहते होते की साकवाशी तुंबलेले, हे मी विचारलेच नाही. तुंबलेल्या पाण्याला मॅनिंगचे सूत्र लागू पडत नाही. ७१३ हा आकडा खरा धरला, तर त्या नदीच्या दहा चौरस किलोमीटरवरून तासाला सुमारे २५७ मिलिमीटर पाणी निघायला हवे. हा ताळा मी तेव्हाच घेतला असता, तर कुठेतरी चुकते आहे हे लगेच कळले असते.

वेशीजवळ माझ्या मित्राची पिठाची गिरणी आणि किराणा दुकान आहे. २००५ च्या वर पाणी यायचे नाही, फार तर एक फूट, असे मी त्याला माझ्या आकड्याच्या भरवशावर सांगितले होते. त्याने फळ्या त्या उंचीवर मारून घेतल्या.

२२ जुलै २०२१ ला आमच्या मुलखात काय झाले, ते सर्वांना आठवत असेल. चिपळूण वाशिष्ठीखाली गेले, महाड सावित्रीखाली. त्याच दिवशी तळीयेवर दरड आली. महाबळेश्वरला २३ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. आमच्या पऱ्यातून वरून उन्मळलेली झाडे आली, ती साकवाच्या गाळ्यांत अडकली, मागे दगड आणि चिखल साचला आणि पाणी बाजूने दुकानात शिरले. माझ्या रेषेच्या तीन फूट वर.

पंधरा दिवसांनी मी त्याला समजावत होतो की विसर्ग कदाचित माझ्या आकड्याहून कमीच असेल, पातळी वाढली ती अडथळ्याने. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, “म्हणजे आकडा खोटा नव्हता म्हणतोस. मग माझं पीठ भिजलं कसं?”

या प्रश्नाने मला जे शिकवले ते पुस्तकांत विखुरलेले होते, पण माझ्या ध्यानात आले नव्हते. सगळी सूत्रे विसर्गाबद्दल बोलतात, माणसे पातळीत राहतात. त्या दोहोंच्या मधे पुलाचे गाळे, झाडे, गाळ, पात्रात टाकलेला भराव आणि खाडीची भरती असते. महाड आणि चिपळूण या दोन्ही गावांना भरतीचे पाणी खालून अडवते. वरून तेवढेच पाणी आले तरी भरतीच्या वेळी ते वेगळ्या उंचीवर उभे राहते. इंग्लिसचे सूत्र याबद्दल काही सांगत नाही आणि त्याने कधी तसा दावाही केला नव्हता. दावा आम्ही केला. कागदावर त्या कार्यालयाने आणि तोंडी मी.

मग काय करावे

सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री कोसळला आणि दोन एसटी गाड्यांसह काही वाहने वाहून गेली. तेव्हा सगळी चर्चा पुलाच्या वयाची झाली. दगड किती जुना, चुना किती टिकतो. पुलांच्या तपासण्या झाल्या, ते योग्यच झाले. पण त्या पुलांखालच्या नद्यांचे आकडे किती जुने आहेत, याची तपासणी झाल्याचे माझ्या वाचनात नाही. दगडाला वय असते तसे आकड्यालाही असते.

माझे म्हणणे इंग्लिसला हद्दपार करा असे नाही. आमच्या पाऊण पानाची तीन पाने करा, एवढेच आहे. पहिल्या पानावर इंग्लिसचा आकडा असावा, सूत्राची अट आणि काळ यांसह. दुसऱ्यावर पावसाच्या जोरावरून काढलेला आकडा. आमच्या पऱ्यासाठी तासाला १०० मिलिमीटर आणि ऐंशी टक्के पाणी वाहून येईल असे धरले तर २२२ घनमीटर येतात, १५० मिलिमीटर आणि नव्वद टक्के धरले तर ३७५. तिसऱ्यावर गावच्या खुणा, प्रत्येक खुणेपुढे ती कोणी सांगितली, पाणी वाहते होते की तुंबलेले, हे लिहून. तिन्ही आकडे एकमेकांशी भांडतील. भांडू द्यावेत. २७४.५४ लिहिण्याऐवजी ‘सव्वादोनशे ते पावणेचारशे, आणि झाडे अडकली तर पातळी वेगळी’ असे लिहिले, तर निदान गाळा किती रुंद ठेवायचा यावर कोणीतरी विचार करील. एक रुंद गाळा दोन अरुंद गाळ्यांपेक्षा झाडे सहज सोडतो, हे सांगायला सूत्र लागत नाही.

आणि नदी मोजायला सुरुवात करावी. यंदाच्या मे महिन्यात गिरणीवाल्या मित्राने आणि मी जुन्या साकवाच्या खांबावर रंगाने मीटरच्या रेघा मारल्या, दर दहा सेंटिमीटरला एक. दुकानात एक वही टांगली आहे. पाणी चढले की तो वेळ आणि रेघ लिहितो, पाणी साकवाशी तुंबले असेल तर पुढे ‘तुंब’ असे लिहितो. शाळेच्या अंगणात एक साधा पर्जन्यमापक बसवला आहे, तो पावसाळ्यात तासातासाला वाचायचे काम दोन मुलींनी घेतले आहे. रात्रीच्या नोंदी राहून जातात. एका पावसाळ्याच्या वहीतून सूत्र निघत नसते. पण इंग्लिसचे सूत्रही एकेकाळी अशाच कुणाच्या तरी नोंदींतून निघाले होते आणि त्या नोंदी करणाऱ्यांची नावे कुठल्याही पुस्तकात नाहीत.

नव्या पुलाच्या अंदाजपत्रकावर ग्रामसभेत हरकत नोंदवायची आहे. तिच्यासोबत मी या वहीच्या झेरॉक्स जोडणार आहे. माझा २०१८ चा आकडाही जोडणार आहे आणि तो का चुकला तेही लिहिणार आहे.